मोहरीएवढी पेस्ट

शेवटी पुरुषोत्तम डाहुल्यांनी प्रोसेसर पुसून लख्ख केला. चुकीच्या जागी गेलेली पेस्ट निघाली, यंत्र पुन्हा सरळ बोलू लागलं आणि सगळं पूर्ववत झालं.

असं काही घडलेलं नाही. सरकारी खात्याच्या नोंदवहीत त्या तारखेसमोर 'निरंक' लिहिलं आहे, आणि खात्याचं निरंक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हा प्रोसेसर कधी घाण झालाच नव्हता, तो कोणी पुसला नाही, आणि भुसावळला हेमलता भंगाळे नावाची बाई राहत असेल तर तिचा या गोष्टीशी काही संबंध नाही. एवढं एकदा मान्य केलं की पुढचं सांगायला आपण मोकळे.

डाहुले चंद्रपूरचे. वीजकेंद्रात तेहेतीस वर्षं फिटर होते. बायकोला जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी आश्लेषा पुण्याला होती, आणि घरात डाहुल्यांशिवाय हलणारी वस्तू म्हणजे कूलर. चंद्रपूरचा उन्हाळा पूर्वीही काही लाडका नव्हता, पण या गोष्टीच्या काळात पारा पन्नासच्या वर गेला तरी पेपरात ती बातमी राशिभविष्याच्या खाली यायची. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा रस्त्यावर कोणी दिसलं तर लोक खिडकीतून बघत, जसे पूर्वी वस्तीत वाघ आला की बघत. वाघ दुपारचे येत नसत. त्यांना अक्कल होती.

या उन्हात एकटी माणसं आधी मरत. आजूबाजूला कोणी नसल्यामुळे त्यांना आपण मरतोय हे उशिरा कळे. म्हणून 'सोबती' आला.

सोबतीमागचा शोध साधा होता. माणसाच्या घशात दोन पडदे असतात, बोलताना ते थरथरतात. अंगातलं पाणी कमी होऊ लागलं की तहान लागायच्याही आधी त्या पडद्यांवरचा ओलावा उडतो आणि थरथरीत एक बारीक खरखर येते. माणसाच्या कानाला ती सहसा कळत नाही. सोबतीला कळायची, तीही दोन तास आधी. त्यासाठी त्याला दिवसातून तीन वेळा चाळीस शब्द लागत. आवाज ओलसर असला की हिरवी खूण, कोरडा असला की लाल, आणि लाल झालं की नोंदवलेल्या पत्त्यावर आपोआप गाडी. माणूस बोललाच नाही तरी लाल. एकटं राहणाऱ्या प्रत्येकाच्या घरी सरकारने हा डबा भिंतीला ठोकला आणि दोन उन्हाळ्यांत मेलेल्यांचा आकडा दहाव्या हिश्श्यावर आला.

यंत्र चांगलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

फक्त झालं असं, की ती हिरवी खूण नातेवाइकांच्या मोबाइलवरही जायची.

"बाबा, तुम्ही रोज तिन्ही वेळेला हिरवे असता, म्हणून मग फोन नाही केला," आश्लेषा महिन्यातून एकदा सांगे. "बरे आहात ना?"

"हिरवा आहो," डाहुले म्हणत. आणि फोन संपे.

शेजारचे रामटेके पूर्वी संध्याकाळी ओट्यावर डोकावून "काय जी, जेवण झालं का?" विचारायचे. आता त्यांच्याही भिंतीवर डबा होता आणि जेवणाचं विचारायचं काम डब्याकडे गेलं होतं. सोबती विचारी, "आज जेवणात काय होतं?" डाहुले सांगत, "आलू-वांगे." डबा म्हणे, "छान. अजून एकोणचाळीस शब्द." आलू-वांग्यावर एकोणचाळीस शब्द बोलणारा माणूस चंद्रपुरात जन्मलेला नाही. तेव्हा डाहुले बेअरिंगचे नंबर म्हणत. बासष्ट शून्य पाच, त्रेसष्ट शून्य आठ. देवळात आरती म्हणावी तसे, हात जोडून नव्हे, पण साधारण त्याच सुरात. डबा म्हणे, "ऐकून आनंद झाला."

एप्रिलमध्ये डबा तापायला लागला. आतला पंखा घरघरू लागला. तक्रार केली तर उत्तर आलं की नवीन डबा नव्वद दिवसांत मिळेल, तोवर आपली सोय शीत निवाऱ्यात केली जाईल. शीत निवारा म्हणजे एक गारेगार हॉल, त्यात तीनशे खाटा, तीनशे म्हातारे आणि एक टीव्ही. ज्याच्या हातात रिमोट, त्याचं राज्य. डाहुले एकदा बघून आले होते. तिथे तेव्हा एका निवृत्त तलाठ्याचं राज्य होतं आणि प्रजा चौथ्यांदा तीच मालिका बघत होती.

त्यांनी डबा स्वतः उघडला.

आत नखाएवढा प्रोसेसर, त्यावर उष्णता ओढून घेणारं पंख्याचं धातूचं बूड, आणि मधली पेस्ट वाळून पापुद्रे झालेली. नवीन पेस्ट आणायला ते संध्याकाळी जटपुरा गेटजवळ नगमाच्या दुकानात गेले. नगमा मोबाइलपासून सोबतीपर्यंत सगळं दुरुस्त करायची आणि करता करता गिऱ्हाइकाला बोल लावायची, त्याचे वेगळे पैसे घ्यायची नाही.

"काकाजी, ही चांदीवाली आहे," ती म्हणाली. "तांदळाच्या दाण्याएवढी लावजा. बस."

"तेवढ्यानं काय होते?"

"तेवढ्यानंच होते."

तिचं खरं होतं. दोन धातू एकमेकांवर ठेवले की डोळ्यांना चिकटलेले दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे डोंगरदऱ्या असतात आणि दऱ्यांत हवा अडकते. हवेतून उष्णता जात नाही. पेस्टचं काम त्या दऱ्या बुजवण्यापुरतं. जास्त लावली तर ती उष्णतेची वाट सोडून गोधडीच होते. आणि चांदीचे कण असले तर तिच्यातून वीजही वाहते, म्हणजे ती बाहेर सांडली तर जिथे जोड नको तिथे जोड होतो.

पण डाहुले फिटर होते. तेहेतीस वर्षं त्यांनी बेअरिंगात मुठीने ग्रीस भरलं होतं. ग्रीस मोजून भरावं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक साहेबाच्या टेबलावर असतं आणि बेअरिंग खाली असतं. कमी ग्रीसने जळालेली बेअरिंगं त्यांनी शेकड्याने पाहिली होती. त्यांनी अख्खी नळी अंगठ्याने प्रोसेसरवर थापली, बूड दाबून बसवलं, चारी बाजूंनी करडी पेस्ट बाहेर आलेली बघून समाधानाने मान हलवली आणि डबा चालू केला.

पंखा गप्प होता. डबाही गप्प होता. मग त्यातून नळ सुरू झाल्याचा आवाज आला, एक भांडं पडलं आणि एक बाई म्हणाली, "मेलं हे झाकण!"

सोबतीच्या मंजूर वाक्यांत 'मेलं' हा शब्द कटाक्षाने टाळलेला होता. डाहुल्यांनी अदबीने विचारलं, "कोण जी?"

नळ बंद झाला.

"तुम्ही कोण? आणि माझ्या यंत्रात काय करताय?"

"मी तं माह्याच यंत्रासमोर बसून आहो. तुम्हीच माह्या यंत्रात भांडे घासून राहिल्या."

"अहो, मी भुसावळला माझ्या स्वयंपाकघरात आहे."

"मंग मी चंद्रपूरले माह्या."

दोघांनी यावर थोडा वेळ विचार केला.

झालं होतं ते असं. चिपा सिलिकॉनच्या एका मोठ्या चकतीवर शेकड्याने बनतात आणि मग कापून वेगळ्या होतात. सोबतीच्या कारखान्यात तपासणीसाठी एक सोय ठेवलेली होती. प्रोसेसरच्या कोपऱ्यातले दोन ठिपके जोडले की ती चिप चकतीवरच्या तिच्या शेजारच्या चिपेशी बोलायला लागते, दोघी कुठेही असोत. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोहरीएवढं. ते जोडायचं हत्यार फक्त तंत्रज्ञाकडे असे. डाहुल्यांनी ते काम अंगठ्याने केलं होतं.

दोघांनी पहिल्या दिवशी ठरवलं की तक्रार करायची. दुसऱ्या दिवशी ठरवलं की उद्या करायची. असे सत्तावीस दिवस गेले.

हेमलताबाई जिल्हा परिषदेत आवक-जावक कारकून होत्या, एकतीस वर्षं. मुलगा सुरतेला. त्या फार बोलत असत असं नाही. पण घर बोलत असे. त्यांचा पत्र्याचा दरवाजा उघडताना रडायचा. त्यांचं घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं, म्हणून डाहुल्यांच्या घरात आता दोनदा बारा वाजत. कूलरवर पारवा बसायचा आणि त्या त्याला रोज तोच प्रश्न विचारायच्या, "तुला दुसरं घर नाही का रे?" डाहुले इकडे पोळी लाटता लाटता तिकडची फोडणी ऐकत आणि फोडणीवरून भाजी ओळखत.

"लसूण जास्त झाला, ताई."

"वास येतो का चंद्रपूरला?"

"आवाज येते न."

एकदा त्यांनी फोन नंबरही घेतले-दिले आणि फोनवर बोलून पाहिलं. "हॅलो, काय म्हणता?" "काही नाही, तुम्ही काय म्हणता?" "बरं आहे." "बरं, ठेवू?" बेचाळीस सेकंद. फोनवर माणूस काही कामासाठी असतो. काम संपलं की त्याला जावं लागतं. डब्यात जावं लागत नसे. दोघंही फोन ठेवून डब्यापाशी आले आणि तासभर कोणीच काही बोललं नाही. फार दिवसांनी डाहुल्यांना दुपारी गाढ झोप लागली, कारण पलीकडे कोणीतरी तांदूळ निवडत होतं.

मधल्या काळात डाहुल्यांनी अर्ज लिहायलाही शिकून घेतलं. नळाला गढूळ पाणी येतं म्हणून त्यांनी महानगरपालिकेसाठी एक अर्ज लिहिला होता, तो त्यांनी डब्यासमोर वाचून दाखवला.

"भाऊ, हे काय लिहिलंत?" हेमलताबाई म्हणाल्या. "'फार त्रास होऊन राहिला हो.' अर्जात रडायचं नाही. रडण्याला आवक नंबर पडत नाही. विषय लिहा, संदर्भ लिहा, आणि शेवटी 'सबब विनंती की' लिहा. 'सबब' लिहिलं की साहेबाला वाटतं, आता हा संपवतोय. तेवढं वाक्य वाचतो तो."

"अन् मंग मंजूर करते?"

"नाही. पण वाचतो."

पाण्याबद्दलही हेमलताबाईंचं एक शास्त्र होतं. ऑफिसात बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असे आणि किल्ली शिपायाकडे असे, शिपाई चहाला गेलेला असे. म्हणून सकाळी घरून निघताना अर्धा पेला पाणी प्यायचं आणि संध्याकाळी घरी आल्यावर उरलेलं. एकतीस वर्षं अशी काढली. निवृत्त झाल्यावर कुलूप राहिलं नाही, सवय राहिली.

"माझं एवढ्यात भागतं," त्या अभिमानाने सांगत.

मे महिन्याच्या एकोणीस तारखेला त्यांच्या कूलरचा पंप जाऊन तिसरा दिवस होता. मेकॅनिक उद्या येतो म्हणाला होता; तोही तिसरा उद्या होता. दुपारी एकच्या सुमाराला डाहुले त्यांना टर्बाइनच्या एका जुन्या भानगडीची गोष्ट सांगत होते. त्या 'हं' म्हणत होत्या. चौथ्या 'हं'ला डाहुले थांबले.

फिटर लोक मशीन चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. आत ग्रीस आहे की संपत आलंय ते ऐकू येतं. संपत आलं असेल तर घूं घूं मध्ये एक बारीक सर्र येतं, तांदळात खडा लागावा तसं. साहेबांची यंत्रं ते दोन तासांनी दाखवतात. डाहुल्यांनी त्या सर्रवर तेहेतीस वर्षं पगार घेतला होता.

हेमलताबाईंच्या 'हं' मध्ये सर्र होतं.

"ताई, पाणी प्यायल्या का?"

"पिते."

"आता प्या. मी आवाज ऐकतो."

"तुमचा अर्ज इथे नाही घेत," हेमलताबाई म्हणाल्या. "तिकडच्या खिडकीत द्या."

डाहुल्यांना घाम फुटला. घाम आधीच फुटलेला होता, त्यावर दुसरा फुटला. त्यांनी पटकन मोबाइलवरून सोबतीच्या मदत केंद्राला फोन लावला.

"भुसावळच्या हेमलता भंगाळे. त्यायची तब्येत बिघडली. गाडी पाठवा."

"बघतो," मदत केंद्रातला माणूस म्हणाला. "त्या हिरव्या आहेत."

"त्या हिरव्या नाहीत जी, मी ऐकून राहिलो!"

"काका, आत्ताच एकशे बावन्न शब्द झालेत त्यांचे. आवाज एकदम ओलसर आहे. पट्टीचं पाणी पितात बाई."

एकशे बावन्न शब्द. टर्बाइनची भानगड. डाहुल्यांनी डब्याकडे पाहिलं. ठिपके जोडलेले म्हणजे तपासणी चालू, आणि तपासणी चालू असताना डबा आवाज कोणाचा हे बघत नाही. आवाज आला, ओला आहे, झालं. सत्तावीस दिवस ते बाईंच्या घरात बोलत होते आणि बाईंचा डबा त्यांच्या घशातलं पाणी बाईंच्या नावावर मोजत होता. त्यांच्याच बडबडीने बाई हिरव्या होत्या.

"बरं, पत्ता तं द्या," ते म्हणाले. "मी रुग्णवाहिका बोलावतो."

"पत्ता देता येत नाही. हिरवे आहेत एवढं आम्ही कोणालाही सांगतो. लाल झाले की माहिती गोपनीय असते."

पत्ता. त्या घराचा दरवाजा कसा रडतो, घड्याळ किती पुढे आहे, पारवा कुठे बसतो, सगळं डाहुल्यांना पाठ होतं. पण घर नंबर आवाजात येत नाही. त्यांनी बाईंचा मोबाइल लावला. तो लागला. पाचशे किलोमीटरवर तो वाजू लागला आणि त्याची रिंग डब्यातून डाहुल्यांच्याच खोलीत घुमली. उचलणारं कोणी उठलं नाही. "कुलूप आहे," हेमलताबाई पुटपुटल्या, "किल्ली शिपायाकडे आहे."

त्यांनी नगमाला फोन केला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"अख्खी नळी?" नगमा म्हणाली. "काकाजी, तो प्रोसेसर होता, बैलबंडीचं चाक नव्हतं!"

"मंग शिव्या दे. आता सांग. प्लग काढून टाकू का?"

"नका काढू असाच! मधातच लाइन तुटली तं तंत्रज्ञ जेवायला गेला असं धरते ते. चोवीस तास पहिलेचीच खूण ठेवते. बाई चोवीस तास हिरवीच राहीन."

"मंग?"

"ते दोन ठिपके सुटे करून यंत्र चालू झालं, का तपासणी संपली असा निरोप दोन्हीकडे जाते. मंग तिकडचं यंत्र पहिल्यापासून मोजते. चाळीस शब्द मागते. बाई बोलली तं कोरडा आवाज, नाही बोलली तरी लाल. पण पुसायचं नीट. थोडी जरी पेस्ट राहिली तं काही उपयोग नाही, अन् घाईत चिप फोडली तं निरोपच जाणार नाही."

"घरी पुसाले काय आहे तं..."

"आयसोप्रोपिल अल्कोहोल पाहिजे. पाणी नाही, रॉकेल नाही, सेंट नाही. हात धुवायचं सॅनिटायझर नाही, त्यात ग्लिसरीन राहते."

डाहुले उठले आणि त्यांनी कपाटाच्या वरच्या खणातलं एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. इन्सुलिन टोचायच्या आधी दंड पुसायच्या त्या छोट्या पट्ट्या, चांदीच्या पाकिटातल्या. बायकोच्या. आठ वर्षं त्या टाकायच्या राहिल्या होत्या. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: आयसोप्रोपिल, सत्तर टक्के.

"चालते," नगमा म्हणाली. "तीस टक्के पाणी आहे, म्हणून नंतर वाळू द्याले लागीन. पूर्ण वाळल्याशिवाय चालू केलं तं गेलं."

डाहुले डब्यासमोर उभे राहिले. पलीकडे पारवा घुमत होता. पारव्याला आज कोणी काही विचारलं नव्हतं.

"ताई," ते म्हणाले. मग पानठेल्यावर जाताना सांगावं तसं म्हणाले, "दहा मिनिटांत आलोच." आणि प्लग काढला.

घर एकदम रिकामं झालं.

त्यांनी नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावला, अंगातली स्थिर वीज उतरवायला. बूड वर न ओढता आधी डावीउजवीकडे हळू फिरवलं आणि मग उचललं. आतलं दृश्य बघून त्यांना पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. मोठे गोळे त्यांनी आपल्या जुन्या गेटपासच्या प्लॅस्टिकच्या कडेने काढले. धातू लावायचा नाही, ओरखडा पडतो. नगमा फोनवरून ओरडत होती, "बाहेरून आत पुसा! आतून बाहेर नका लोटू, अजून पसरीन!"

पहिलं पाकीट फाडलं. पट्टी कोरडी, आठ वर्षांत उडून गेलेली. दुसरं कोरडं. तिसरं कोरडं. अकरावं फाडलं तेव्हा दवाखान्याचा वास आला. त्या वासाबरोबर दुसरंही बरंच काही आलं, पण त्याला त्यांनी दाराबाहेर बसवलं. अकरा, चौदा, पंधरा, एकोणीस. चार ओल्या पट्ट्या. पहिल्या तीन प्रोसेसरच्या पाठीवर आणि कडांवर गेल्या. चौथी त्यांनी दोनदा दुमडून तिचं टोक केलं आणि भिंग डोळ्याला लावून कोपऱ्यातल्या दोन ठिपक्यांमधली मोहरीएवढी पेस्ट पुसायला घेतली.

हात थरथरला नाही. तो थरथरला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. तेहेतीस वर्षांचा तयार हात होता. त्याला काम सांगितलं की तो करत असे, कशावर करतोय ते विचारत नसे. ठिपके वेगळे झाले. मध्ये स्वच्छ हिरवी रेघ दिसली.

"झालं," ते म्हणाले.

"आता वाळू द्या. दहा मिनिटं. फुंकर नका मारू, थुंकी उडते."

दहा मिनिटं ते खुर्चीत बसून राहिले. बारा फक्त एकदाच वाजले होते आज, की दोनदा, ते त्यांना आठवेना. मग त्यांनी तांदळाचा एक दाणा समोर ठेवला, त्याच्याशी ताडून तेवढीच पेस्ट बरोबर मध्यभागी लावली, बूड बसवलं आणि प्लग लावला.

"नमस्कार," डबा म्हणाला. "मी आपला सोबती. आज आपण किती पेले पाणी प्यालात?"

पलीकडे काहीही नव्हतं. दरवाजा नाही, पारवा नाही.

डाहुल्यांनी वीस मिनिटं जाऊ दिली आणि मदत केंद्राला फोन लावला. मघाचाच माणूस होता.

"भुसावळच्या हेमलता भंगाळे कशा आहेत?"

"क्षमा करा," तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "ती माहिती गोपनीय आहे."

डाहुल्यांनी फोन ठेवला, ते जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ हसत राहिले. रामटेक्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय जी, काय झालं?" दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

नवव्या दिवशी मोबाइल वाजला.

"मी सुरतेला आहे, मुलाकडे," हेमलताबाई म्हणाल्या. "सलाईनच्या चार बाटल्या लागल्या म्हणे. गाडीवाल्यांनी दार तोडलं. आता ते रडत नसेल."

"बरं झालं न ताई. म्हणजे, दाराचं नाही."

"हो ना. इथे एसी आहे. माणसं आहेत, म्हणून यंत्र नाही. भुसावळचं काढून नेलं." मग त्या म्हणाल्या, "इथे घड्याळ बरोबर आहे हो, भाऊ."

"हाव."

"बरं. ठेवू?"

"ठेवा."

एक्केचाळीस सेकंद.

संध्याकाळी डब्याने चाळीस शब्द मागितले. डाहुल्यांनी बेअरिंगचे नंबर सुरू केले आणि तिसऱ्या नंबराला थांबले. मग त्यांनी वही घेतली. ठिपके पुसले त्याच रात्री त्यांनी खात्याला सगळा प्रकार कळवला होता. त्यावर 'अशी कोणतीही घटना घडल्याचे नोंदीवरून दिसून येत नाही' असं उत्तर आलं होतं. त्यांनी ते पत्र संदर्भ म्हणून घेतलं. कुठेही न रडता लिहिलं आणि लिहिता लिहिता डब्यासमोर वाचलं, म्हणजे शब्दही भरले.

प्रति,
मा. विभागीय अधिकारी, सोबती यंत्र विभाग.

विषय: प्रोसेसरवर चुकीच्या जागी थोडी पेस्ट ठेवू देणेबाबत.

संदर्भ: आपले 'निरंक' पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करतो की, अर्जदाराने आपल्या यंत्राचा प्रोसेसर स्वच्छ केलेला असून यंत्र सुस्थितीत आहे. अर्जदाराची यंत्राबाबत तक्रार नाही. शेजारच्या क्रमांकाचे यंत्र भुसावळ येथून काढण्यात आल्याचे समजते. ते पुसून दुसऱ्या एखाद्या घरी बसवण्यात येईलच.

सबब विनंती की, सदर यंत्र ज्या घरी बसेल त्या घराच्या संमतीने, अर्जदारास प्रोसेसरच्या कोपऱ्यातील दोन ठिपक्यांमध्ये मोहरीएवढी पेस्ट कायमस्वरूपी ठेवण्याची परवानगी मिळावी. मोजणीत घोळ होऊ नये म्हणून अर्जदार स्वतः एक शब्दही बोलणार नाही, असे हमीपत्र सोबत जोडले आहे. पलीकडून कोणी अर्जदाराशी बोलावे अशीही अपेक्षा नाही. भांड्यांचा आवाज पुरेसा आहे. घड्याळ असल्यास ते सहा मिनिटे पुढे असावे, परंतु ही अट नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
पुरुषोत्तम डाहुले
(सध्या हिरवा)